बाळ जळगावात पेटीत, बाळंतीण चोपड्यात: घरच्यांनी नेमकं काय करायचं?

तापीची_लेक
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, शुद्धलेखन चालवून घ्या.

परवा, ९ एप्रिलला, भावाला मुलगी झाली. ३१ आठवडे, वजन १३४० ग्रॅम. वहिनीचं बीपी एकदम चढलं म्हणून चोपड्यात तातडीने सिझर करावं लागलं. बाळाला श्वासाचा त्रास होता, म्हणून लगेच अँब्युलन्सने जळगावला हलवलं. आता बाळ जळगावात एका खासगी हॉस्पिटलच्या एनआयसीयूत (नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष), वहिनी चोपड्यात, आणि भाऊ फटफटीवर दोन्हीकडे. एनआयसीयूच्या बाहेर आमचे पंधरा-वीस नातेवाईक ठाण मांडून बसलेत. प्रत्येकाला काहीतरी करायचंय, पण काय ते कोणालाच माहीत नाही. वहिनीजवळ फक्त तिची आई.

मी पुण्यात आहे, रविवारी निघतेय. आमच्या आईचं म्हणणं, ओल्या बाळंतिणीला सव्वा महिना उंबरा ओलांडू द्यायचा नाही. आणि तिने बाळाजवळ जाऊच नये, तिला काही झालं तर बाळाला लागेल. डॉक्टर दिवसातून एकदा दोन मिनिटं बोलतात, त्यातलं भावाला निम्मंच कळतं.

तर ज्यांच्या घरी असं बाळ झालंय त्यांनी सांगा, घरच्यांनी करायचं काय? पैशाचं बघू. हातपायांनी काय करायचं ते सांगा.

भरीतपार्टी
आधी अभिनंदन! कोणीच केलं नसेल म्हणून मी करतो. मुलगी झाली, पेढे उधार.

निवृत्त_सिस्टर
ताई, नवजात बालकांच्या कक्षात माझी बरीच वर्षं गेली. बाकीचं सगळं नंतर, आधी एक काम करा. बाळ जिथे आहे तिथे आईला आणा.

चोपड्याच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, बीपी आटोक्यात आलं की हिला जळगावला कधी हलवता येईल. त्यांनी हो म्हटलं की त्याच दिवशी हलवा. बीपीच्या बाईला त्यांच्या परवानगीशिवाय हलवायचं नाही हेही तितकंच खरं, पण हा निर्णय डॉक्टरांचा. उंबऱ्याचा त्यात काही संबंध नाही.

तोवर दूध. बाळ प्यायला समोर नसलं तर दूध आपोआप उतरत नाही, ते काढावं लागतं. दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी, दर दोन-तीन तासांनी, रात्रीचीही एक वेळ चुकवायची नाही. हाताने कसं काढायचं ते तिथल्या सिस्टरला दाखवायला सांगा. पहिले दोन दिवस चमचाभर पिवळट चीक निघेल आणि सगळे म्हणतील ‘हिला दूधच नाही’. तेवढाच निघतो आणि तेवढाच लागतो. सुरुवातीला या वजनाच्या बाळाला एका वेळी दोन-तीन मिली देतात, तेही तोंडातून पोटात घातलेल्या नळीने.

काढलेलं दूध उकळून गार केलेल्या स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात. फ्रिजमध्ये चोवीस तास चालतं. बाहेर चार तास म्हणतात, पण आपल्याकडच्या एप्रिलमध्ये तो हिशोब धरू नका. बर्फाच्या डब्यात घालून जळगावला पाठवा. तुमच्या पंधरा-वीस जणांपैकी दोघांना हेच काम द्या, चोपडा-जळगाव दुधाची पाळी. बाकीच्यांना घरी पाठवा.

केळीबाग_रावेर
सिस्टरताईंना +१. शेवटच्या वाक्याला +१००.

आमच्याकडे कोणी दवाखान्यात असलं की अख्खी भाऊबंदकी टेम्पो करून जाते. सगळ्यांसाठी शेवभाजी येते, आणि पेशंटचा नवरा ती वाढत बसतो.

तापीची_लेक
@निवृत्त_सिस्टर, खूप आभार. आत्ताच वहिनीच्या आईशी बोलले. तीन दिवसांत एकदाही दूध काढलेलं नाही. ‘बाळ नाही तर कशाला’ असं कोणीतरी सांगितलं म्हणे. आज सुरू करतायत. उशीर तर नाही ना झाला?

निवृत्त_सिस्टर
नाही. आजपासून नेमाने काढलं तर चार-पाच दिवसांत फरक दिसेल. बाळाचा फोटो मोबाइलवर तिच्यासमोर ठेवा, खरंच उपयोग होतो. आणि तिच्यासमोर ‘दूध नाही’ हे शब्द कोणी काढायचे नाहीत.

धुळ्याचा_पप्पा
आमचा मुलगा बत्तिसाव्या आठवड्यातला, आता चौथीत आहे आणि माझा फोन फोडून बसलाय. म्हणजे घाबरू नका. आमची आजी म्हणायची तसं, बठ्ठं चांगलं व्हई.

पुरुषांच्या बाजूने लिहितो, कारण ती बाजू कोणी सांगत नाही. बाप त्या काळात ड्रायव्हर, मेडिकलवाला आणि कॅशियर एवढंच असतो. बाळाला हात लावायचं त्याला कोणी सुचवत नाही. मला एका सिस्टरने विचारलं, ‘पप्पा, अंघोळ करून आलात का? शर्ट काढा, बसा.’ आणि पोरगा छातीवर उघडाच ठेवला. टोपी, लंगोट, मोजे, वरून चादर. कांगारू म्हणतात तेच. मी हलायलाही घाबरत होतो. बाळाचा श्वास मात्र मॉनिटरवर नीट चालला होता, तो माझाच चुकत होता.

बायकोला ताप होता त्या दिवसांत पाळी माझी असायची, मग तिची, मग सासूबाईंची. तुमच्या भावाला सांगा, फटफटी दुसऱ्याला दे आणि आत जाऊन बस.

स्पष्टवक्ता_६४
राग मानू नका, पण खासगी एनआयसीयू म्हणजे दिवसाला हजारोंचा मीटर. एवढ्या लहान बाळाचं पुढे डोकं चालेल याची खात्री कोण देणार? त्यातून मुलगी. घरच्यांनी भावनेच्या भरात शेत विकू नये एवढंच.

केळीबाग_रावेर
काका, राग मानतो आहोत.

भरीतपार्टी
‘त्यातून मुलगी’ हे तुमचं स्पष्ट बोलणं असेल तर अस्पष्ट बोलत जा. खानदेशात मुली कमी का झाल्या ते आपल्याला माहीत आहे. पेढ्यातून तुमचं नाव कट.

पेडिया_शिरपूर
मी बालरोगतज्ज्ञ आहे. लांबून या बाळावर मत देणार नाही, उपचार करणारे डॉक्टरच ते सांगतील. पण तीन मुद्दे.

एक, स्पष्टवक्ता काकांना. ३१ आठवड्यांची आणि १३०० ग्रॅमच्या पुढची बहुतेक बाळं चांगल्या एनआयसीयूत जगतात, आणि त्यातली बहुतेक पुढे शाळेत इतरांसारखीच असतात. धोका शून्य नसतो, म्हणून तर पुढे तपासण्या असतात. आणि निसर्गाच्या बाबतीत म्हणाल तर अपुऱ्या दिवसांच्या मुली त्याच वजनाच्या मुलांपेक्षा थोड्या चिवट असतात, हे आम्ही रोज बघतो.

दोन, आजीबाईंची भीती. आईचा स्पर्श म्हणजे जंतुसंसर्ग, ही समजूत बरीच वर्षं आम्हा डॉक्टरांनीच पसरवली, आजींना काय बोलायचं! कांगारू पद्धत १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियात बोगोटामध्ये सुरू झाली, इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून. गरिबांचा तात्पुरता उपाय असंच तिच्याकडे बघितलं गेलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियात मोठा अभ्यास केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळं १ किलो ते १७९९ ग्रॅमची, म्हणजे या पोरीच्याच गटातली. एका गटात बाळ स्थिर झाल्यावर कांगारू, दुसऱ्यात जन्मल्यावर लगेच, आई एनआयसीयूतच राहून. दुसऱ्या गटात मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले. आपल्याकडचं केंद्र दिल्लीचं सफदरजंग होतं. २०२२ पासून संघटनेची शिफारस आहे की अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर लवकरात लवकर कांगारू सुरू करा आणि दिवसातले ८ ते २४ तास द्या. नाकाला सीपॅप (दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारी नळी) असतानाही देता येतं, मात्र ते तिथल्या टीमने ठरवायचं.

तीन, डॉक्टरांची दोन मिनिटं. भावाला वही करायला सांगा. रोज तेच प्रश्न: आज वजन किती, दूध किती मिली आणि किती तासांनी, श्वासाची मदत कमी झाली की वाढली, कावीळ कशी आहे, मेंदूची सोनोग्राफी कधी. पहिल्या आठवड्यात वजन दहा टक्के किंवा थोडं जास्तही उतरतं, दोन आठवड्यांच्या आसपास जन्माच्या वजनावर परत येतं. १२२० ऐकून रडारड नको.

तापीची_लेक
वजन आज १२३५ सांगितलं आणि बाहेर खरंच रडारड झाली होती. तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला फोनवर. डॉक्टर, तिला ‘कॅफिन’ देतायत म्हणे, ते कशासाठी?

पेडिया_शिरपूर
अपुऱ्या दिवसांचं बाळ मधेच श्वास घ्यायचं थांबतं. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून तयार व्हायचं असतं. कॅफिनने ते जागं राहतं. बरंच जुनं आणि भरवशाचं औषध आहे.

भरीतपार्टी
म्हणजे जन्मल्या जन्मल्या कॉफी! पोरगी नोकरदार होणार, नक्की.

आखाजीचा_झोका
अवांतर: पाचवी पुजायची की नाही? आमच्याकडे सासूबाई अडून बसल्या होत्या. सटवाई पाचव्या रात्री नशीब लिहायला येते आणि बाळ घरी नाही तर कोणाचं लिहील?

केळीबाग_रावेर
सटवाईला नवा पत्ता कळवा. एनआयसीयूत पेन आहे, कागदाची फाइल आहे, रात्रभर दिवा चालू. याहून चांगली सोय घरी नाही.

निवृत्त_सिस्टर
पूजा घरी करा की, कोण अडवतं? आजीच्या जिवाला बरं वाटतं तेही महत्त्वाचं. फक्त अंगारा, काळा दोरा, काजळ, मध, घुटी यातलं काही आत नेऊ नका. दोरा पायात बांधला की सलाईनची शीर शोधताना आम्हालाच कापावा लागतो आणि मग भांडण. एका आजीने मला सांगितलं होतं, ‘त्या पेटीमा काय शे, मायना कुशीमा ठेवा तिले.’ तेव्हा हसले होते सगळे. आता डॉक्टरसाहेब तेच सांगतायत.

सातपुडा_गटप्रवर्तक
सगळं वाचलं. चांगलं लिहिलंय, पण थोडं खालून बघून सांगते. मी धडगाव-मोलगी भागात आशाताईंबरोबर काम करते.

‘आईला बाळाजवळ ठेवा’ हे लिहायला सोपं आहे. आमच्याकडची बाई पाड्यावरून रस्त्यापर्यंत बांबूच्या झोळीतून येते. तिथून गाडी, तिथून नंदुरबार. बाळ वॉर्मरवर (ऊब देणाऱ्या खाटेवर) ठेवलं की ती कुठे राहणार? सरकारी योजनेत बाळंतिणीला मोफत जेवण साध्या बाळंतपणाला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवस. बाळ तर महिनाभर आत. घरी दोन लहान पोरं, शेळ्या, नवरा गुजरातेत कामाला. आत बोलतात ती मराठी तिला कळत नाही, ती बोलते ती पावरी आत कोणाला कळत नाही. मग दहाव्या दिवशी अंगठा देऊन बाळ घेऊन जातात आणि सगळे म्हणतात ‘अडाणी लोक’.

जिथे आईला खाट, दोन वेळचं जेवण आणि भाषा समजणारी एक बाई मिळाली, तिथे त्याच बाया महिना महिना राहिलेल्या मी बघितल्यात, आणि छातीवर बाळ बांधून ठेवण्यात त्या कोणाला हार जात नाहीत. ताई, तुमच्याकडे पंधरा माणसं आहेत. आमच्याकडे एकही नसतं. म्हणून म्हणते, त्या पंधरांचा नीट उपयोग करा.

धुळ्याचा_पप्पा
हे वाचून गप्प बसलो. वरचे बाहेरचे खर्च, राहणं, डबा, हे आपण हिशोबातच धरत नाही.

तापीकाठचा_तलाठी
पैशाचं बघू म्हणालात तरी लिहितो. एक, सरकारी नवजात कक्षात उपचार, औषध, रक्त, तपासण्या सगळं मोफत आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ ला सुरू झाला तेव्हा आजारी बाळासाठी ३० दिवस होतं, नंतर एक वर्षापर्यंत वाढवलं. दोन, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नवजात बाळांचे उपचार बसतात, पण हॉस्पिटल यादीतलं हवं. तिथे आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार घेऊन दाखल झाल्या झाल्या भेटायचं. डिस्चार्जच्या दिवशी गेलं तर काही होत नाही. बाळाचं आधार नसतं म्हणून परत पाठवलं तर ऐकू नका, आईबापाच्या कागदांवर होतं.

नाशिकरोडकर
सरकारीचं म्हणताय, पण एका वॉर्मरवर दोन-दोन बाळं बघितलीत मी.

निवृत्त_सिस्टर
मीही बघितलीत, ठेवलीही आहेत. चौथ्या बाळाला ‘जागा नाही’ म्हणून परत पाठवायचं की दोन जवळ ठेवायची, हा निर्णय रात्री दोन वाजता घेऊन बघा. खासगीतही सगळीकडे एका सिस्टरमागे दोनच बाळं असतात असं नाही. बिल्डिंगच्या काचा मोजू नका. विचारायचं ते हे: रात्री डॉक्टर हजर असतो का, आईला आत येऊ देतात का, आईचंच दूध देतात की पावडरच्या दुधाचा डबा सांगतात, डोळ्याचा डॉक्टर येतो का.

पेडिया_शिरपूर
या चार प्रश्नांना माझी सही.

आखाजीचा_झोका
माझी जाऊ त्याच वेळी बाळंत झाली होती, तिला भरपूर दूध होतं. तिने द्यायचं ठरवलं तर हॉस्पिटलने नाही म्हटलं. एवढं काय? पूर्वी गावात सर्रास पाजायचे की.

पेडिया_शिरपूर
पूर्वी सव्वा किलोची बाळं जगत नव्हती, हाही पूर्वीचाच भाग. दुसऱ्या बाईचं कच्चं दूध एवढ्या नाजूक आतड्याला आणि प्रतिकारशक्तीला देत नाहीत, कारण एचआयव्ही, कावीळ ब असे काही आजार दुधातून किंवा भेगांमधल्या रक्तातून जाऊ शकतात. दुग्धपेढीत देणाऱ्या आईची रक्ततपासणी होते आणि दूध ६२.५ अंशाला ३० मिनिटं तापवतात. देशातली, किंबहुना आशियातली पहिली पेढी १९८९ ला मुंबईत सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. क्रम लक्षात ठेवा: आईचं, ते नसेल तर पेढीचं, तेही नसेल तर अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा फॉर्म्युला डॉक्टरच्या सांगण्यावरून. गाईचं पाणी घातलेलं दूध यात कुठेच नाही.

तापीची_लेक
अपडेट. मी जळगावात पोचले. वहिनीला चोपड्याच्या डॉक्टरांनी सहाव्या दिवशी सोडलं, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. आईने रिक्षा अडवायचीच बाकी ठेवली होती. शेवटी तिला म्हटलं, उंबरा ओलांडायचा नाही ना, मग हॉस्पिटलच्या उंबऱ्याच्या आतच राहू दे सव्वा महिना. त्यावर आईला उत्तर सुचलं नाही.

हॉस्पिटलमागेच एक खोली मिळालीय. माणसं वाटली: वहिनीची आई खोलीवर, आमची आई डब्याला, चुलतभाऊ रात्री बाहेर बाकावर, बाकी सगळ्यांना घरी. भावाने वही केली. सीपॅप काढलाय, आता साध्या नळीने ऑक्सिजन. वहिनीने पहिल्यांदा बाळ बघितलं तेव्हा ती काही बोललीच नाही, हात धुवून नुसती उभी. दुसऱ्या दिवशी सिस्टरने कांगारू दिलं. तिसऱ्या दिवसापासून दूध दुप्पट!

एक अडचण. वहिनी रात्री रडते. विनाकारण, असं सगळे म्हणतात.

धुळ्याचा_पप्पा
विनाकारण कसं? बायकोने मला नंतर सांगितलं, तिला वाटायचं आपल्या अंगात काही खोट आहे म्हणून पोर टिकलं नाही. भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, ‘काय उचललं होतंस? कुठे गेली होतीस?’ तेवढे भेटणारे बंद करा.

पेडिया_शिरपूर
दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं, झोप-जेवण सुटलं, किंवा स्वतःला-बाळाला काही करण्याचे विचार आले तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. दूध पाजताना चालणारी औषधं आहेत. बीपी आपोआप वाढतं, तिने काही केलं म्हणून नाही, हे तिच्या सासूसमोर तिच्या डॉक्टरांकडूनच वदवून घ्या.

भुसावळ_जंक्शन
उन्हाळ्याचं काय? इथे पारा ४४ ला टेकलाय. मेमध्ये बाळ घरी आणणार. आमच्याकडे एवढ्या उकाड्यातही दोन दुपटी, स्वेटर आणि शेगडी! वर लोडशेडिंग.

निवृत्त_सिस्टर
शेगडी आणि धुरी बंद म्हणजे बंद, त्या धुराने बाळाचा श्वास कोंडतो. आपल्या उन्हाळ्यात खोली गार ठेवा, पंचवीस ते अठ्ठावीस अंश, पण कूलरचा झोत बाळावर नको. पोट आणि तळपाय हाताने बघायचे. दोन्ही कोमट तर ठीक. पाय गार, पोट गरम तर थंडी वाजतेय. दोन्ही गरम आणि तोंड लाल तर कपडे काढा. आणि वरचं पाणी नाही, ग्राइप वॉटर नाही, कितीही तापलं तरी. दूध वरचेवर द्या, पाणी आईने प्यायचं.

भुसावळ_जंक्शन
इन्व्हर्टरचं पाणी आजच भरतो.

विशेष_शिक्षिका
उशिरा लिहितेय, पण हे कोणी नीट लिहिलं नाही म्हणून. वर ‘डोळ्याचा डॉक्टर येतो का’ एवढंच आलंय.

मी दृष्टिहीन मुलांना शिकवते. माझ्या वर्गात अशी मुलं आहेत जी जन्मतः आंधळी नव्हती. अपुऱ्या दिवसांची, एनआयसीयूतून हसत घरी गेलेली, आणि ज्यांचे डोळे वेळेत तपासलेच नाहीत अशी. पडद्याच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात, पडदा सुटतो. आरओपी म्हणतात. बाहेरून डोळा छान दिसतो, बाळ रडत नाही, दुखत नाही. आईला कळतं तेव्हा वेळ गेलेली असते. वेळेत कळलं तर लेझरने किंवा इंजेक्शनने बहुतेक डोळे वाचतात.

आपल्याकडचा नियम: जन्माचं वजन २ किलोपेक्षा कमी किंवा ३४ आठवड्यांच्या आतलं, त्या प्रत्येक बाळाची पहिली तपासणी वयाच्या ३० दिवसांच्या आत. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमच्या खालचं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. आणि एकदा करून भागत नाही, डॉक्टर ‘आता नको’ म्हणेपर्यंत परत परत. ताई, तुमच्या बाळाचे ३० दिवस ९ मेला भरतात. कॅलेंडरवर लाल करा.

तापीची_लेक
बापरे. १० मेला आखाजी (अक्षय्य तृतीया) आहे. डिस्चार्ज त्याआधी होईल म्हणतायत आणि वहिनीच्या माहेरचे तिला आखाजीला घेऊन जायचं ठरवून बसलेत, शिरपूरच्या पुढे गाव. लग्नानंतरची दुसरी आखाजी, झोका बांधून ठेवलाय म्हणे.

आखाजीचा_झोका
माझं नावच ते आहे तरी सांगते, झोका पुढच्या वर्षी. दोघी मिळून बसतील.

पेडिया_शिरपूर
जायला हरकत नाही, पण तपासणी करून. डिस्चार्ज कार्डावर तारीख आणि जागा दोन्ही लिहून घ्या. ‘डोळे दाखवा’ एवढं पुरत नाही.

सोडताना काय बघतात तेही लिहितो. सलग काही दिवस वजन वाढतंय, सगळं दूध तोंडाने (अंगावर किंवा वाटी-चमच्याने) घेतंय, वॉर्मरविना अंग गरम राहतंय, कॅफिन थांबवून पाच-सात दिवस श्वास थांबलेला नाही, आणि आईला हे सगळं एकटीने जमतंय. घरीही कांगारू चालू ठेवा, बाळ स्वतःहून वळवळ करून बाहेर येईपर्यंत. लोह आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब चुकवू नका. कानाची तपासणी महिन्याच्या आत. लस जन्मतारखेनुसारच, वाढ मात्र ज्या दिवशी चाळीस आठवडे भरले असते तिथून मोजा, दोन वर्षांपर्यंत. नाहीतर शेजारच्या बाळाशी तुलना करून घरात तंटे होतात.

दूध सोडलं, अंग गार किंवा गरम, मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास, छाती आत ओढली जातेय, तळपाय पिवळे, झटके, फार सुस्त: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८.

सातपुडा_गटप्रवर्तक
आणि चोपड्याच्या आशाताईला आत्ताच कळवा की बाळ या तारखेला घरी येतंय. तिच्या फेऱ्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात, त्यातल्या बऱ्याच हॉस्पिटलात असताना निघून गेल्या. ती वजन करेल, ताप बघेल, श्वास मोजेल. माहेरी गेलात तर तिकडच्या आशाताईला सांगायचं, नाहीतर दोन्ही गावांच्या यादीतून बाळ सुटतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त बाळं अशीच हातातून निसटतात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना हे शिकवून नवजात मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखवले, १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये ते छापून आलं. त्यातूनच आशाताईंच्या या फेऱ्या आल्या. तिला पाणी विचारा आणि आत बोलवा, दारातून परत पाठवू नका.

स्पष्टवक्ता_६४
सगळा धागा वाचला. आमच्या नातसुनेला सातवा महिना आहे, बीपी थोडं वाढतंय म्हणाली. त्या बाईंनी चोपड्याला थांबायला नको होतं का? आधीच जळगावला गेली असती तर?

पेडिया_शिरपूर
प्रश्न चांगला विचारलात. धोका आधी दिसत असेल तर बाळंतपणच एनआयसीयू असलेल्या ठिकाणी करणं सगळ्यात उत्तम, कारण आईचं पोट हीच बाळाची सर्वात सुरक्षित अँब्युलन्स. शिवाय ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपणाची शक्यता दिसली तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. यांच्या वहिनीचं एकदम झालं, तिथे वेळच नव्हता. तुमच्या नातसुनेचं बीपी आठवड्याला नाही, दोन दिवसांनी मोजा. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखणं, चेहऱ्याला सूज यावर लक्ष ठेवा, आणि कुठे बाळंत व्हायचं ते आजच ठरवा.

भरीतपार्टी
काकांचं नाव पेढ्याच्या यादीत परत घेतलंय. तात्पुरतं.

तापीची_लेक
काल डिस्चार्ज झाला, १६७० ग्रॅम. खोली महिनाअखेरपर्यंत ठेवलीय, चोपड्याला लगेच जात नाही. डोळ्यांची तपासणी ८ तारखेला सकाळी, जळगावातच. वहिनीच्या वडिलांना भावाने स्वतः फोन केला, तेच येतायत आखाजीला इकडे, पुरणपोळी आणि मांडे घेऊन. तपासणीच्या दिवशी काय तयारी लागते?

विशेष_शिक्षिका
बाहुली मोठी करायला थेंब घालतात, त्याला बराच वेळ लागतो, म्हणून लवकर पोचा. तपासणीच्या आधी तासभर दूध देऊ नका, बाळ रडतं तेव्हा उलटी होऊ शकते. झाल्यावर लगेच पाजायला मात्र वहिनी शेजारीच हव्यात. नंतर काही तास उजेड सहन होत नाही. टोपी पुढे ओढून घ्या आणि उन्हात उभं राहू नका. निघण्याआधी पुढची तारीख घ्या.

केळीबाग_रावेर
८ ला मी मार्केटला जळगावातच आहे, गाडीत एसी आहे. हॉस्पिटलच्या दारात नऊला उभा राहतो. नंबर व्यक्तिगत निरोपात टाकलाय.